सातवाला आणि पाचवाला

सकाळपासून बाईंचा पाय एका जागी ठरत नव्हता. शटर वर गेलं, झाडलोट झाली, चहा झाला, तरी त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत होत्या. फळीवर रंगाप्रमाणे लावलेली दोऱ्यांची रिळं त्यांनी सगळी खाली काढली आणि होती तशीच पुन्हा लावली. भरतकामाच्या मशीनवर बसणारीने हे बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. तिला सगळे बॉबिनताई म्हणत, कारण तिच्या खिशात भरलेल्या बॉबिना कायम खुळखुळत असत. बाईंच्या हाताला काम असलं की तोंड जरा गप्प असतं, हे ती इतक्या वर्षांत शिकली होती.

घराचा खालचा मजला म्हणजे कारखाना. वर राहायचं, खाली भरत करायचं. शाळेच्या खिशांवरची चिन्हं, हॉटेलांच्या टॉवेलांवरची नावं, खेळाच्या क्लबांच्या जर्किनांच्या पाठी, असलं सगळं मशीनवरचं भरत. कॉम्प्युटरवर चित्र घ्यायचं, त्याचे टाके पाडायचे, ते पेनड्राइव्हने मशीनला द्यायचे, की मशीन मुकाट्याने शिवत बसते. टाके पाडणारं सॉफ्टवेअर मात्र भारी नखऱ्याचं. घातलं होतं दोन लॅपटॉपांवर, पण चालायचं तिथेच, जिथे त्याची चावी खोचलेली असेल. चावी म्हणजे बोटाच्या पेराएवढा काळा तुकडा, आणि तो एकच. कॉम्प्युटरातलं बाईंना ओ की ठो कळत नसलं तरी एवढं नक्की कळलं होतं, की ज्याच्या हाती ही चावी त्याच्या हाती धंदा. त्यांनी तिच्या भोकात दोरा ओवला आणि शटरच्या, कपाटाच्या किल्ल्यांबरोबर ती कमरेला अडकवली. सकाळी मुलाला काढून द्यायची, दुपारी लेकीला. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशी गत. मुलाचं अर्धं डिझाईन त्याच्याकडे अडकायचं, लेकीचं अर्धं तिच्याकडे, आणि बॉबिनताई मशीन बंद ठेवून जांभया देत बसायची.

आधी डिझाईन मुलगाच करायचा. मग लेक नवऱ्याचं घर सोडून परत आली. एक बॅग आणि एक लॅपटॉप, एवढंच घेऊन आली. “आलीस? बॅग आत ठेव,” एवढंच बाई दारात म्हणाल्या होत्या. पहिले काही दिवस लेक नुसती भिंतीकडे बघत बसायची. मग भावाच्या मागे उभी राहून त्याचं काम बघायला लागली, मग स्वतः करायला लागली, आणि वर्ष सरायच्या आत गिऱ्हाईकं म्हणायला लागली, “हे ताईंनाच करू द्या.” मुलाने ते ऐकलं. तेव्हापासून त्याला चावी दुपारी परत द्यायचं जिवावर यायला लागलं.

“कायमची माझ्याकडे ठेव,” तो आईला म्हणायचा. “माझा लॅपटॉप सातवाला आहे. तिचा पाचवाला. सात मोठे की पाच?”

लॅपटॉपांवर तसा स्टिकरच होता, आतल्या प्रोसेसरचा. त्याच्यावर सात, तिच्यावर पाच. तेव्हापासून घरात त्यांची तीच नावं पडली होती.

“नुसता आकडा बघून सोयरीक करतात का, दादा,” लेक म्हणायची. “पिढी बघावी लागते. तुझा सातवाला माझ्या पाचवाल्यापेक्षा दोन पिढ्या म्हातारा आहे.”

“म्हातारा असला तरी मोठ्या घरचा आहे.”

“मोठ्या घरचे म्हातारे खातात फार. वायर काढून बघ, चहा होईपर्यंत तरी टिकतो का.”

खरं म्हणजे दोघेही उतारवयाचेच. एकाचं झाकण चिकटपट्टीने धरलं होतं, दुसऱ्याच्या बटणांच्या पाटीवरची निम्मी अक्षरं बोटांनी पुसून गेली होती. पण भांडायला नवं काही लागतंच असं नाही.

काल संध्याकाळी भांडणाला तोंड फुटलं आणि लेक ताटं पुसता पुसता शांतपणे म्हणाली, “चावी दादाला द्यायची असेल तर देऊन टाक, आई. मला टॉवेलच्या कारखान्याने बोलावलंय. दुसऱ्या गावी आहे, राहायला खोली देतात. उद्या संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. चावी माझ्याकडे राहिली तर मी राहीन. नाही राहिली तर इथे बसून मी काय करू, वहिनीच्या हाताखाली भाज्या चिरू?”

“मी कधी चिरायला सांगितल्या?” सून म्हणाली.

बाईंनी लेकीने पुसलेलं ताट उचलून पुन्हा पुसलं. तोंडातून मात्र निघालं, “जा की. शटर काय, आतूनही उघडतं.”

ताटं आवरून झाली तशा बाईच पुन्हा बोलल्या. “लॅपटॉप, लॅपटॉप लावलंय ना तुम्ही दोघांनी? मग लॅपटॉपच ठरवू देत. उद्या दोन्ही खाली आणा. एकच काम दोघांना द्यायचं. जो जोरात पळेल त्याच्याकडे चावी, कायमची. मला मध्ये ओढायचं नाही.”

बोलताना असा आव, जणू हातात तराजू धरलाय. पण पोटात एक आणि ओठात एक होतं. लेकीला ठेवून घ्यायचं तर मुलाला सांगावं लागणार होतं, की तिचं काम तुझ्याहून सरस आहे. आणि लेकीला सांगावं लागणार होतं, की जाऊ नकोस. ही दोन्ही वाक्यं बाईंच्या तोंडात कधी तयारच झाली नव्हती. काम सोडून निघालेल्या कारागिराला त्या स्वतः उठून दार उघडून देत. नवरा शेवटच्या घटका मोजत होता तेव्हासुद्धा डॉक्टरांसमोर त्यांनी हात जोडले नाहीत; औषध कुठे मिळेल तेवढं विचारलं आणि चालू पडल्या. आता पाचवाला जिंकला की लेक आपसूक राहणार, मुलाने चिडायचं तर लॅपटॉपवर चिडावं, आणि आपलं तोंड उघडायला नको, असा त्यांचा हिशेब. लेक दोन पिढ्यांचं बोलली होती, त्यावर त्यांनी सगळी भिस्त ठेवली होती.

कामही ठरलं होतं. एका गिऱ्हाईक बाईचा कुत्रा मेला होता, आणि तो तिला सोफ्याच्या पाठीवर भरून हवा होता. नुसती आकृती नको, फोटोतल्यासारखा, केसन् केस. असल्या फोटोचे टाके पाडायचे म्हणजे लॅपटॉपला घाम फुटतो. म्हणून दोघं भावंडं आठवडाभर तो कुत्रा एकमेकांच्या गळ्यात मारत होती.

“घड्याळ लावायचं?” मुलाने विचारलं.

“घड्याळावरून तुम्ही पुन्हा भांडाल,” बाई म्हणाल्या. “बॉबिनताई शाळेचे खिसे शिवते आहे. सगळे खिसे सारखे, सगळ्यांना सारखाच वेळ. कुत्रा होईपर्यंत किती खिसे निघतात ते मोजा.”

चावी एकच असल्यामुळे दोघांना एकदम पळवता येत नव्हतं. आधी लेकीची पाळी आली. कापायच्या टेबलावर तिने पाचवाला मांडला, चावी खोचली, कुत्र्याचा फोटो उघडला आणि बटण दाबलं. खाली एक हिरवी पट्टी डावीकडून सरकायला लागली. लेक हाताची घडी घालून बसली. बाई मात्र टेबलाभोवती चकरा मारत होत्या, आणि कमरेच्या किल्ल्या खळखळत होत्या.

“हलली का?”

“हलते आहे.”

“मला तर दिसत नाही.”

“तू सारखी मधून जातेस, आई. उभी राहशील तर दिसेल.”

“मला काय करायचंय बघून,” असं म्हणत बाई पुन्हा एक चक्कर मारून आल्या.

पाचवाल्याचा आवाजसुद्धा येत नव्हता. मुलाने कान लावला. “झोपला वाटतं.”

“काम करताना ओरडायची सवय नाही त्याला,” लेक म्हणाली.

“एवढ्या वेळात माझ्याकडे कुत्रा भुंकला असता.”

“मेलेला आहे तो, दादा. त्याला कसली घाई.”

बॉबिनताई फिसकन हसली आणि बाईंनी बघताच खाली मान घालून खिसा फ्रेमवर चढवायला लागली. पट्टी काही पळत नव्हती, पण अडतही नव्हती. चढ असो उतार असो, गवळ्याने डोक्यावरची घागर सांभाळत चालावं तशी एकाच चालीने ती शेवटाला पोचली. पाच खिसे निघून सहावा निम्मा झाला होता.

“चांगलं का हे?” बाईंनी विचारलं.

“आता दादाचं झालं की कळेल,” लेक म्हणाली. चावी काढून तिने आईच्या हातात दिली, मग चार्जरची वायर नीट गुंडाळली, लॅपटॉप मिटला आणि दोन्ही बॅगेत ठेवलं. बाईंची नजर सहज बॅगेत गेली. खाली कपडे होते. घडी केलेले, दाबून बसवलेले, वर टॉवेल. म्हणजे पोरगी हो म्हणायच्या तयारीनेच खाली आली होती.

तेव्हा बाईंच्या मनात काहीतरी हललं. गेल्याच आठवड्यात मुलगा इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसला होता. त्या टेबलावर जाड लोकरी कांबळं चौपदरी घालून ठेवलेलं असे. थोड्या वेळाने तो कुरकुरायला लागला, की हा लंगडतोय. बाईंनी हात लावून बघितला, तर बूड इस्त्रीसारखं तापलेलं. तिथून उचलून नुसत्या फळीवर ठेवला तर पुन्हा पळायला लागला. कारण त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, पण जन्म इस्त्रीपाशी गेलेल्या बाईला उष्णता कोंडली की काय होतं ते शिकवावं लागत नाही.

“कापायचं टेबल मोकळं करा,” त्या म्हणाल्या. “टॉवेलांचं कापड कापायचंय.”

“कुठलं कापड?” बॉबिनताईने विचारलं.

“तुला सगळं विचारून कापू?”

मुलगा लॅपटॉप हातात धरून उभा होता. “मग हा कुठे ठेवू?”

“इस्त्रीच्या टेबलावर ठेव. सातवाला ना तुझा, मोठ्या घरचा? त्याला गादीवर बसव.”

मुलगा खूश झाला. आईने आपल्याला गादी दिली, एवढ्यानेच त्याची मान ताठ झाली. त्याने कांबळ्यावर सातवाला मांडला, चावी खोचली आणि बटण दाबलं. पट्टी अशी सुटली की बाईंच्या तोंडचं पाणीच पळालं. पहिला खिसा फ्रेममधून निघेपर्यंत पाव वाट संपली होती. मुलगा शीळ घालायला लागला. लेकीने एक नजर टाकली आणि फोन वाजला म्हणून ती अंगणात गेली. बाईंना दारातून तिची पाठ दिसत होती. ती मान हलवत होती. हो म्हणत होती की नाही, ते पाठीवरून कळत नव्हतं. बाई दारापर्यंत गेल्या, परत फिरल्या, पट्टीकडे आल्या, पुन्हा दाराकडे गेल्या.

दुसऱ्या खिशाला सातवाल्याने आवाज काढला. तिसऱ्याला तो पिठाच्या गिरणीसारखा घरघरायला लागला. पट्टी निम्म्यावर येऊन थबकली, सरकली, पुन्हा थबकली. मुलाची शीळ थांबली. त्याने पाटीवर फुंकर मारली, बटणं दाबून बघितली.

“काल तर बरा होता,” तो स्वतःशीच पुटपुटला. “मीच त्याच्यावर फार काम लादतो वाटतं.”

बाईंना सुटल्यासारखं व्हायला हवं होतं, आणि झालंही क्षणभर. पण मुलगा रुमालाने त्या लॅपटॉपचं झाकण पुसत होता, आजाऱ्याचं कपाळ पुसावं तसं, आणि ते बघून त्यांना तिथे उभं राहवेना. त्या फळीपाशी गेल्या आणि निळ्या रिळांत हिरवं रीळ लावून आल्या.

पाचवा खिसा चढला. लेक आत आली ती घरघर ऐकतच आली. तिने लॅपटॉपखाली हात घातला आणि चटकन काढला. कांबळ्याकडे बघितलं. मग कापायच्या टेबलाकडे, ज्यावर कापडाचा तुकडासुद्धा नव्हता. मग आईकडे बघितलं. बाईंनी नजर चुकवली, आणि नजर चुकवायची सवय नसल्याने ती भलतीकडेच, बॉबिनताईच्या डोक्यावर, जाऊन बसली.

“दादा, थांबव हे,” लेक म्हणाली.

“का? हरतोय ते बघून मजा वाटते का तुला?”

“याचा श्वास कोंडलाय. हा बुडातून हवा घेतो. निवू दे थोडा, मग फळीवर ठेवून पुन्हा चालव.”

“खेळात असा पुन्हा डाव नसतो,” बाई घाईने म्हणाल्या. “एकदा झालं ते झालं.”

“खेळ तू मांडलास आई, मग नीट तरी मांडायचा होतास.”

तिने रिकामी चार रिळं घेतली, कापायच्या टेबलावर चौकोनात उभी केली आणि सातवाला त्यांच्यावर ठेवला, खालून वारा खेळेल असा. मुलगा तिच्याकडे बघतच राहिला.

“यात तुझंच नुकसान आहे,” तो म्हणाला.

“माहीत आहे. गादीत गुदमरलेल्याला हरवून मला काय मिळणार?”

सातवाला निवेपर्यंत बॉबिनताईने खिसे पुन्हा पहिल्यापासून मोजायला नवा गठ्ठा काढून ठेवला. मग पुन्हा बटण दाबलं. या वेळी तो घरघरला, पण अडला नाही. मोठ्या घरचा म्हातारा खरोखरच मोठ्या घरचा निघाला. चौथा खिसा अजून सुईखाली होता, तोवर कुत्रा पुरा झाला.

मुलाने आरडाओरडा केला नाही. चावी सातवाल्यातच होती. त्याने तिला नुसता अंगठा लावून बघितला आणि म्हणाला, “मग ही आता इथेच राहू दे.”

लेकीने बॅग खांद्याला अडकवली.

“थांबा,” बाई म्हणाल्या. त्यांनी मध्ये येऊन टेबलावर हात ठेवला. “लॅपटॉप कुठला चांगला ते कळलं. त्याच्यापुढे बसायचं कोणी, ते अजून ठरलं नाही. सातवाला जिंकला, तर हिने सातवाल्यावर बसावं. तू बाहेरची गिऱ्हाईकं बघ.”

“म्हणजे लॅपटॉप माझा, आणि बसणार ती?”

जिन्याच्या पायरीवरून सून म्हणाली, “अहो आई, हे आधीच सांगितलं असतं तर आम्ही तो खाली आणलाच नसता.”

“काल तू काय म्हणालीस?” मुलगा म्हणाला. “पळेल त्याच्याकडे चावी. मला मध्ये ओढू नका. असंच म्हणालीस ना?”

 बाई हात टेबलावरून उचलायचंसुद्धा विसरल्या.

“दादा म्हणतो ते खरं आहे,” लेक म्हणाली. “तो जिंकला. आणि त्याच्या लॅपटॉपवर मी बसणार नाही.” मग ती आईकडे वळली. “ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, असं किती दिवस करणार तू? कांबळ्यावर त्याला तूच बसवलंस. का बसवलंस ते मला कळलं. दादालाही आता कळलंय, तोंड बघ त्याचं. मग तोंडाने म्हण ना.”

“काय म्हणू?”

“जे लॅपटॉपच्या तोंडून वदवून घ्यायला निघाली होतीस ते.”

भरताची मशीन थांबली. सकाळपासून चाललेला खडखडाट एकदम बंद झाल्यावर खोली भलतीच मोठी वाटायला लागली.

“तुझी का थांबली?” बाई बॉबिनताईवर खेकसल्या.

“दोरा तुटला.”

दोरा सुईत ताठ उभा होता, सगळ्यांना दिसत होता. पण त्यावर बोलायला बाईंकडे सवड नव्हती. त्यांनी पदराने हात पुसले, हात कोरडेच होते.

“त्या टॉवेलवाल्यांच्या खोलीला,” त्या म्हणाल्या, “खिडकी तरी आहे का?”

“आई.”

“विचारते फक्त. बिनखिडकीच्या खोलीत तुला झोप लागत नाही.”

“आई, मला निघायचं असेल तर आवरायला हवं.”

बाईंनी दोन पावलं फळीकडे टाकली, परत आल्या. मग जमिनीकडे बघत, पुटपुटल्यासारखं, त्या म्हणाल्या, “जाऊ नकोस.”

“ऐकू नाही आलं,” असं म्हणाला तो मुलगा, लेक नव्हे.

बाईंनी मान वर केली. “जाऊ नकोस म्हणाले तिला. आणि आता तूही ऐक, तुझं डिझाईन नीट असतं, तिचं जिवंत असतं. गिऱ्हाईकाला ते कळतं, मला कळतं, तुलाही कळतं. लॅपटॉपला कळत नाही, म्हणून तर त्याला विचारायला गेले.”

मुलाचा चेहरा उतरला. त्याने सातवाल्यातून चावी उपटली आणि टेबलावर ठेवली. आपटली असती तर बरं झालं असतं. त्याने हळूच ठेवली. लॅपटॉप मिटून काखेत मारला आणि तो जिना चढून वर गेला. सूनही त्याच्या मागून गेली, जाता जाता बाईंकडे न बघता.

चावी तिथेच पडून राहिली. लेकीने तिला हात लावला नाही.

“बोलले ना मी?” बाई म्हणाल्या. “आता तुझं काय ते सांग.”

“दादा वर जाऊन बसला तर मी राहून काय करू? दारात आलेल्या माणसाशी कोण बोलणार? तू?”

“मी बोलले की गिऱ्हाईक पळतं, हे मला माहीत आहे.”

“मग वर जा.” लेकीने फोन हातात घेतला. “त्यांना काय ते तू खाली आल्यावर कळवते.”

कोणाची समजूत काढायला बाई कधी जिना चढल्या नव्हत्या. अर्ध्यात थांबल्या, कठडा धरला, खाली बघितलं. लेक तशीच उभी होती, बॅग खांद्यालाच. वर सून दाराबाहेर उभी होती.

“त्यांनी दार लावलंय,” ती म्हणाली.

“कडी घातली का नुसतं लोटलंय?”

“लोटलंय.”

“मग लावलं नाही.” बाईंनी दार ढकललं.

मुलगा पलंगाच्या कडेला पाठमोरा बसला होता. त्याच्या बाजूला जागा होती, पण बाई बसल्या नाहीत. त्यांनी खुर्चीवरचा शर्ट उचलला, झटकला, पुन्हा खुर्चीवर टाकला.

“संध्याकाळी ती कुत्र्याची मालकीण येणार आहे,” त्या म्हणाल्या. “ती रडत येते आणि रडत जाते. तिच्याशी कोण बोलणार?”

“जिवंत डिझाईनवालीला सांग.”

 आपण पुन्हा भांडंच लपवतो आहोत, हे बाईंच्या ध्यानात आलं. खाली एकदा तोंड उघडलं होतं, म्हणून दुसऱ्यांदा सोपं जाईल असं त्यांना वाटलं होतं. ते उलट जास्तच जड निघालं.

“कुत्र्यासाठी नाही आले मी,” त्या म्हणाल्या.

“मग?”

“खाली जे बोलले ते खरं आहे, ते मागे घेणार नाही. पण तेवढंच खरं नाही. तू दारात उभा असतोस म्हणून माणूस आत येतं. जो रागावून आला तो तुझ्याशी बोलून हसत जातो. ते ना मला येतं, ना तिला. हे तुला मी कधी सांगितलं नाही.”

“नाही सांगितलंस.”

“आज सांगते. एकाच दिवसात दोघा-दोघांना सांगायचं म्हणजे माझा जीव मेटाकुटीला आलाय, तरी सांगते. तूही जाऊ नकोस.”

“मी कुठे जातोय? वर तर आलोय.”

“वरसुद्धा येऊन बसू नकोस. खाली चल.”

त्याने मांडीवरचा लॅपटॉप बाजूला पलंगावर ठेवला. दारात सुनेच्या बांगड्या वाजल्या आणि लगेच थांबल्या.

“कांबळ्यावर तू मला मुद्दाम बसवलंस,” तो म्हणाला.

“हो.”

“आणि मला वाटलं, मान दिलास.”

 बाई पलंगावर टेकल्या, त्याच्याशेजारी, दोघांच्या मध्ये लॅपटॉप होता तेवढं अंतर ठेवून.

“हा मी तिला देणार नाही,” मुलगा म्हणाला.

“नको देऊस.”

“चावी तिच्याकडे गेली तरी तिचा हळू चालतो.”

“चालू दे हळू. लंगडत तर नाही.”

त्याच्या नाकातून हसण्यासारखा आवाज आला, पण तो पुरता हसला नाही. उठला, आरशात बघून केसांवरून हात फिरवला आणि आईच्या आधी जिन्याकडे निघाला. बाई त्याच्या मागोमाग उतरल्या. निम्म्या जिन्यात त्यांना लेकीचा आवाज आला. भावाचे पाय पायऱ्यांवर दिसले तसा तिने फोन लावला होता.

“नाही, मी येत नाही,” ती सांगत होती. पलीकडून कोणीतरी बरंच काही बोललं. “पगाराचं नाही हो. खोलीचंही नाही.” पुन्हा पलीकडचं बोलणं. मग तिने जिन्याकडे बघितलं, आणि आईकडे बघत फोनमध्ये म्हणाली, “आईने जाऊ नको म्हटलंय.”

बाई शेवटच्या पायरीवर थांबल्या. तोंड लाल झालेलं त्यांना स्वतःलाच जाणवत होतं.

“परक्या माणसाला हे सांगायची काय गरज होती,” त्या म्हणाल्या.